किकची स्प्रिंग

...न्हाई, मी म्हनतो, बाप घरातच हाय, पौडच्या बाजारात स्पेअरपार्टचं दुकान घेऊन बसलाय, आन् पोरगी स्प्रिंग कुटं शोधती? मोबाईलमध्ये! तुमाला सांगतो, कोळवणची जीप बंद पडू द्या न्हाईतर मालेकडची फटफटी, लोक पैलं नाव घेत्यात ते ह्या इलाहीचं. जगातलं बाकी काय बी शिकवा, पन स्प्रिंगमधलं आपल्याला नका शिकवू.

तर आमची रुही हाय डिप्लोमाला. तिच्या टोळक्यानं फुटबॉल खेळनारा रोबोट केलाय. म्हंजे काय, तर चार चाकांवर एक पाट, वर बॅटरी, वायपरची मोटर, आन् बाजूला एक लोखंडी पाय. सामना जिंकला की राज्याच्या स्पर्धेला जायचं. त्यापायी पोरीनं जेवनखान सोडलेलं, आन् ताजबी, म्हंजे आमची मंडळी, चिडायची कुनावर? माझ्यावर! जसं काय पोरीच्या वाटचं मीच खातोय...

एक दिवस रुही म्हनली, अब्बा, रोबोटला किक मारायला स्प्रिंग लागती. आता किक म्हनल्यावर कुटली? किकचीच की! मोटरसायकलच्या किकची, ही दुकानात दोरीला लटकलेली. काढली, ठिवली पुढ्यात. तर पोरगी म्हनती, ‘अब्बा, ही किक मारत नाही. किक आपला पाय मारतो. ही नुसती दांडी मागं आणते.’ आन् तिचा तो जोडीदार वेदांत, चांदे गावचा, आईबाप दोगं बी आयटीत, त्यो चष्मा सावरत, ‘ॲक्च्युअली काका, तीन ऑप्शन आहेत. दाबायची, ताणायची आणि पिळायची.’ मला सांगतोय! आरं बाबा, दाबायची म्हंजे शॉकअपची, तानायची म्हंजे साईडस्टँडची, पिळायची म्हंजे किकची, तुझ्या जन्माच्या आदीपासून विकतोय मी! शेवटी घेतली कुटली? तर स्टँडची. का? हलकी हाय, मोटरला वढायला सोपी. हलकी! फुटबॉल काय फुंकर मारून खेळत्यात व्हय? मी आपली किकची खिशात टाकली. कारन स्प्रिंगमधलं आपल्याला नका शिकवू.

सामना हिंजवडीकडच्या एका कॉलेजात. अर्धा खेळ दोनी रोबोट नुसत्या टकरा घेत होते, गोल कुनाचाच न्हाई. मधल्या सुट्टीत बगतो तर ह्यांच्या त्या हलक्या स्प्रिंगचा आकडा पार सरळ झालेला. दुसरी आनलीच न्हाई! रुही मटकन खाली बसली. वर्सभराची मेहनत हो पोरीची... पन मी काय रडनाऱ्यातला हाय? घातला खिशात हात!

बसवली घाईघाईनं, तर मोटर काय तिला पीळ भरंना. वेदांत म्हनला, तारा उलट्या लावून बघू. लावल्या, आन् भरला की पीळ! आता का भरला, ते कुनी इचारावं? शिट्टी झालेली. रोबोट गेला चेंडूपाशी, वेदांतनं बटन दाबलं आन् पाय गेला... मागं! खाडकन्! चेंडू जागच्या जागी, आन् आमच्या रोबोटनं गाढवावानी मागं लाथ झाडलेली. सगळा हॉल हसतोय, ताजबीनं पदरात तोंड लपवलं, आन् रुहीनं माझ्याकडं असं बगितलं, असं बगितलं, की वाटलं धरनी फाटून मला पोटात घेईल तर बरं.

पन पोरगी कुनाची? तिनं वेदांतच्या हातातला रिमोट हिसकला, रोबोट गर्रकन् फिरवला आन् चालवला की वो उलटा! पाठ पुढं, तोंड मागं! समोरच्यांना वाटलं ह्यो बिघडला, चाललाय आपल्याच गोलाकडं तोंड करून. त्ये खुशाल हसत बसले. रुहीनं पाठ नेऊन चेंडूला टेकवली, दाबलं बटन... धाडकन् गोल! सामना जिंकला! मी खुर्चीवर हुबा राहून वरडतोय, स्प्रिंग कुनाची? इलाहीची! डोळ्यात पानी आलं हो माझ्या. मग? आता तरी पटलं का, स्प्रिंगमधलं आपल्याला नका शिकवू?

आता राज्याच्या स्पर्धेला रोबोट नव्यानं बांधत्यात. काल सगळं टोळकं दुकानात हजर. ‘काका, यातली तुम्हाला सगळ्यात भारी कोणती वाटते?’ बगा! आली का न्हाई अक्कल? मी फळीवरच्या साऱ्या स्प्रिंगा खाली काढल्या, दाबून बगितल्या, तानून बगितल्या, आन् छाती फुगवून शॉकअपची जाडजूड स्प्रिंग उचलली. म्हनलं, ही!

रुहीनं ती माझ्या हातातनं अलगद घेतली, परत फळीवर ठिवली आन् वेदांतला म्हनली, ‘चल, ही नाही एवढं तर नक्की झालं.’

पन एक ध्यानात घ्या, मला इचारल्याबिगर त्यांचं पान हलत न्हाई.