वकिलाची नोटीस

पार्वताबाई : पानी नको. आधी ऐक. दोन दिवस पुऱ्या गावाले वाटलं, का आपल्याच वकिलानं आपल्यावर केस केली.

संघदीप : केस? मी? दहा वर्षं तुमच्या गावाचा वकील आहे मी, मावशी.

पार्वताबाई : मंग रजिस्टर काऊन धाडलं? पोस्टमन सही घेऊन गेला. वर मोठ्या अक्षरात 'नोटीस'. फॉरेस्टवाल्याची नोटीस आली त आमाले काही वाटत नाही, सवय आहे. पन तुझी आली म्हनून बाया रडाले लागल्या. शेजारचा हिरालाल म्हने, वकील फुटला.

संघदीप : हिरालाल असं म्हणाला?

पार्वताबाई : झापली मी त्याले. तिसऱ्या दिवशी टिकाराम गुरुजी गावाले आले, त्यायनं वाचून सांगतलं. केस नाही म्हने, वकील तुमाले सोडून जाऊन राहिला. तवा त हिरालालच रडला.

संघदीप : वकिलाला केस सोडायची असली की पक्षकाराला लेखी कळवावं लागतं. नियमच आहे तसा. म्हणून पाठवली.

पार्वताबाई : या गोंदियावरून आमचं कोहमारा किती दूर आहे? एसटी बंद पडली का?

संघदीप : यायला पाहिजे होतं. चुकलं माझं.

पार्वताबाई : आन कोहमाऱ्याच्या चौकात तुझा एवढा मोठा फ्लेक्स. 'हार्दिक अभिनंदन'. मले वाटलं, निवडनुकीले उभा राहून राहिला.

संघदीप : पोरांनी लावला तो. नको म्हणालो होतो. निवडणूक नाही मावशी, नोकरी आहे. दिल्लीला.

पार्वताबाई : सरकारी?

संघदीप : नाही. मोठमोठी श्रीमंत घराणी असतात, त्यांना समाजाच्या कामाला पैसा द्यायचा असतो. कोणाला द्यावा, कोणाच्या लढ्यामागं उभं राहावं, हे सांगणारी एक कंपनी आहे. तिथं सल्लागार म्हणून चाललोय.

पार्वताबाई : दान कुठं करावं, हे बी लोकायले पगार देऊन विचारतेत?

संघदीप : विचारतात.

पार्वताबाई : आमच्याकडं कोनी वारलं त घरचे विहाराले पंखा देते. पात्यावर नाव लिहून देते. सल्लागार नाही लागत बाप्पा.

संघदीप : हे पंख्याचं काम नाही. राजकारणाचं आहे. आपण चार-चार वर्षं तुमच्या जंगलाच्या हक्काचे कागद गोळा करतो, आणि वरून एक परिपत्रक निघतं की सगळं पाण्यात. ते निघण्याआधीच वर जाऊन भांडणारी माणसं पाहिजेत. कायद्याचा अभ्यास करणारी, आमदार-खासदारांना गाठणारी. त्यांच्यामागं हा पैसा उभा करायचा. एका गावाचं नाही, हजार गावांचं भलं होईल.

पार्वताबाई : हे बरं आहे. खोटं नाही बोलत, बरं आहे. मंग त्या यादीत आमचं नाव पहिलं लिवजो.

संघदीप : तेच नाही लिहिता येत.

पार्वताबाई : काऊन?

संघदीप : ज्याची वकिली केली, त्याचं नाव सुचवायचं नाही. तशी सही घेतलीय माझी. नाहीतर लोक म्हणतील, यानं आपल्याच माणसांची भर केली.

पार्वताबाई : म्हनजे आमी तुझे नसतो, त आमाले भेटलं असतं.

संघदीप : हो.

पार्वताबाई : वा रे बाबू. हजार गावायचं भलं, आन एक सोडून.

संघदीप : हसू नका. रात्र-रात्र हाच विचार केलाय मी. खरं सांगू? भलंबिलं नंतरचं. मी थकलो. दहा वर्षांत किती तारखा झाल्या, मोजणं सोडून दिलं. जिंकलो तरी अपील, हरलो तरी अपील. सकाळी काळा कोट घालताना हात वर होत नाही. तुमच्या गावातून फोन आला की दोनदा वाजू देतो, मग उचलतो. लाज वाटते सांगायला.

पार्वताबाई : मले नाही समजत का? मी बी थकून गेली. माजे गुडघे काही नवे नाही. पन चोवीस तारखेले कलेक्टर ऑफिसात आपल्या जंगलाच्या हक्काची शेवटची सुनावनी आहे. त्या दिवशी कोन बोलन? मी बोलू? साहेब इंग्रजीत विचारते.

संघदीप : दुसरा वकील करा. तुमची मोकळीक आहे, हे नोटिशीत लिहिलंय मी.

पार्वताबाई : लिहिलं आहे. त्याचंच उत्तर आनलं. तूच शिकवलं ना, नोटीस आली त घाबराचं नाही. ग्रामसभा घ्याची, लेखी उत्तर द्याचं, आन दुसऱ्या परतीवर पोच घेतल्याशिवाय हलाचं नाही. घे. दोन परती आहे.

संघदीप : ग्रामसभा घेतली? माझ्यासाठी?

पार्वताबाई : वाच. मोठ्यानं वाच. गुरुजीनं मी सांगतलं तेच लिहिलं का, ते मले बी समजू दे.

संघदीप : 'ठराव क्रमांक सात. आपली नोटीस मिळाली. आपण दहा वर्षे गावाच्या केसेस लढल्या, त्याबद्दल ग्रामसभा आभारी आहे. आपणास जायचे असल्यास ग्रामसभेची हरकत नाही. मात्र...'

पार्वताबाई : थांबला काऊन?

संघदीप : 'मात्र काठीचा नियम आपणासही लागू आहे. काठी पोस्टाने पाठवता येत नाही.' खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे.

पार्वताबाई : बरोबर लिहिलं. आठवते का तुले? तू नवानवा वकील, आमच्याकडं मुक्कामी होता. सकाळी दारात काठी उभी. ज्याच्या दारी काठी, त्याची त्या दिवशी जंगल राखाची पाळी. आन तुले ताप.

संघदीप : आठवतं. तुम्ही म्हणाल्या, नाही जमत तर नको जाऊ. पण काठी स्वतः नेऊन दुसऱ्याच्या हातात दे. दारात टाकून यायची नाही.

पार्वताबाई : तापात गेला तू. हिरालालच्या बायकोच्या हाती देऊन आला. त्या दिवशी म्हटलं मी घरी, हा पोरगा आपला आहे.

संघदीप : मावशी, नका बोलू असं.

पार्वताबाई : जा म्हनूनच सांगून राहिली. पन पुढचं दार दाखव. आमाले कोन वकील माहीत? आमी एकच पाह्यला.

संघदीप : रविता आहे. जुन्या कोर्टाच्या गल्लीत बसते. माझ्याहून हुशार आहे. फोन लावतो तिला.

पार्वताबाई : फोन नाही.

संघदीप : ती हो म्हणेलच असं नाही. या कामात काय मिळतं, ते तिलाही माहीत आहे.

पार्वताबाई : हिरालालची बायको कुठं हो म्हने? धान निंदाले जाऊन राहिली होती. तू काठी घेऊन समोर उभा राहिला, म्हनून घेतली तिनं.

संघदीप : आणि नाहीच घेतली रवितानं तर?

पार्वताबाई : त काठी तुझ्याच हाती राहिली. चोवीसले तूच उभा.

संघदीप : वीस तारखेचं तिकीट आहे माझं.

पार्वताबाई : मंग बसला काऊन? उठ.

(कपाट उघडतं. फायलींचे दोन गठ्ठे टेबलावर येतात.)

पार्वताबाई : थांब, आधी पोच. सही कर. तारीख टाक. टाइम बी टाक, तूच सांगत होता.

संघदीप : टाकला. ही तुमची प्रत. चला, चालत दहा मिनिटं आहे.

पार्वताबाई : आन दोन्ही गठ्ठे एकटाच उचलून राहिला? दे एक इकडं. थकलो म्हनत होता ना.