बारावी नोंद मी काढलेली नाही

पुरवणी जबाब, दि. १८ जून २०२५

मी वर्षाराणी भागवत सोनकांबळे, वय २६ वर्षे, धंदा नोकरी (संगणक विभाग, खाजगी नर्सिंग विद्यालय), मूळ राहणार उमरी, जि. नांदेड, सध्या राहणार अहमदपूर, जि. लातूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

दि. ११ जूनच्या जबाबात मी "यादीतील बाराही नोंदी काढल्या" असे सांगितले, ते चूक आहे. मी अकरा काढल्या. त्या दिवशी आमचे प्रशासकीय अधिकारी मन्मथ सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. आज मी एकटी आले आहे.

२७ मे रोजी वीज पडून हजेरीचा सर्व्हर जळाला. नवा त्याच नावाने बसवायचा होता. विद्यालयातील सगळे संगणक आणि कर्मचाऱ्यांची खाती मुख्य सर्व्हरवरील डिरेक्टरीत नोंदलेली असतात. तिथे जळालेल्या सर्व्हरच्या नोंदी शिल्लक राहिल्या तर नवा अर्ध्यात अडकतो. २ जूनला तसाच अडकला. त्या नोंदी काढणे हे माझे कामच होते.

मला पहिली अक्षरे घरी आत्या लुंबिनी हिने शिकवली. पाटी पुसण्याआधी वहीत उतरवून घ्यायचे, ही तिची शिस्त. मी अकरा नोंदी वहीत उतरवल्या व यादी मन्मथ सरांकडे सहीला पाठवली. परत आली तेव्हा खाली हिरव्या शाईत बारावी नोंद होती, भुजंगरावांचे खाते. भुजंगराव मुख्य लिपिक होते. गेल्या दिवाळीत वारले.

त्या खात्याचा सर्व्हरशी संबंध नाही. ते शेवटचे २२ मे रोजी सकाळी १०.४० वाजता उघडले गेले. त्या दिवशी मी रजेवर उमरीला होते. ते खाते एकाच संगणकावरून उघडते. तो सध्या सरांच्या टेबलावर आहे.

मी विचारायला गेले. सर म्हणाले, "अगं पोरी, मेलेल्या माणसाचं खातं जपून काय करून राहिलीस? लोणचं घालतीस का?"

मी म्हणाले, "सर, मेलेलं माणूस बावीस मेला कामावर हजर होतं."

"लई शिकलीस. गुमान काढ."

वसतिगृहाच्या पाण्याबद्दल लेखी तक्रार केलेल्या नऊ मुलींची हजेरी २२ मे रोजीच कमी झाली. त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. ती मी बदलली आणि पुरावा पुसला, अशी सरांची फिर्याद आहे. हजेरीची राखीव प्रत शाबूत आहे, पण ते खाते काढले की तीत बदल करणाऱ्याच्या जागी नाव राहत नाही, नुसता आकडा उरतो. म्हणून मी ते काढले नाही, आणि नोकरी गेली तरी काढणार नाही. माझी वही हजर करत आहे.

हवालदार रेणुका मॅडम यांनी हा जबाब मला वाचून दाखवला. त्यातील "बहुधा" हा शब्द मी दोन ठिकाणी काढायला लावला. आता जबाब मी बोलले तसाच आहे, मला मान्य आहे. सहीआधी एवढे आणखी लिहून घ्यावे: बारावी नोंद काढल्याशिवाय सर्व्हर बसवायचा नाही, असा मला तोंडी आदेश आहे. तो मी पाळणार नाही. मुलींच्या परीक्षा अर्जांची शेवटची तारीख २५ जून आहे; सर्व्हर बसला की त्यांची हजेरी कोणत्या खात्यातून कमी झाली ते नावानिशी दिसेल. ती नोंद जागेवर ठेवून मी सर्व्हर बसवणार आहे, सोमवार, दि. २३ जून २०२५ रोजी.