जास्वंद, तूर आणि कोंडीबामामांचा भाचा

...पत्रिकेवरून मोडलेलं स्थळ कोंडीबामामांनी निस्तरलं असतं हो, पण फुलावरून मोडलेलं कसं निस्तरायचं? भाचा कुंडलिक, बिनआईबापाचा, मामांनीच वाढवलेला, पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकून सोलापुरात मास्तर झाला, आणि तेव्हापासून मुलगी बघायला गेला की खिशातून एक जास्वंद काढायचा, एक तुरीचं फूल काढायचा आणि विचारायचा, या दोन कुळांत फरक काय? आता एक गणपतीला वाहतात, दुसऱ्याचं वरण होतं, याहून जास्त कोण काय सांगणार? सात स्थळं गेली, तुम्हाला सांगतो, सात! आणि दर ठिकाणी शिरा गार झाला!

आठवं जेऊरचं, तात्याबांची मथुरा. गाडीतनं उतरतानाच मामांनी भाच्याचे खिसे चाचपले, काही नाही, हायसं वाटलं... फुलं टोपीत होती! मुलगी आली, बशा आल्या, आणि यानं टोपी काढली. मामा शिऱ्याकडे बघत बसले. होत होता गार.

मथुरा लहानपणापासनं रानात फुलं उकलत बसायची, त्यावरून बोलणी खायची. तिनं नखानं दोन्ही उकलली आणि सांगायला लागली, जास्वंदीच्या पाच पाकळ्या सारख्या, एकीवर एक वळलेल्या. तुरीची एक मोठी मागं उभी, दोन पंखासारख्या बाजूला, दोन खाली जुळून होडी झालेल्या. जास्वंदीचे केसर झाडून सगळे एका नळीत, आणि तुरीचे मोजून दहा.

"नऊ चिकटल्यात, दहावा न्यारा हाय," ती म्हणाली. "भेंडी, अंबाडी, कापूस जास्वंदीच्या घरातले. हरभरा, मटकी तुरीच्या."

कुंडलिक बघतच राहिला. मामांचे डोळे पाणावले, वाफेनं म्हणावं तर शिरा केव्हाच गार झालेला!

मग तिनं विचारलं, तुरीनं रान सुधारतं, कापसानं का न्हाय? यानं सांगितलं, तुरीच्या मुळांवर गाठी असतात, म्हणून.

"तुमी बघितल्यात?"

झालं! मास्तरांनी चित्रात बघितलेल्या!

"चला की, दावते," म्हणून ती निघाली, मागनं हा, त्याच्या मागनं पदर सावरत तिची आत्या... इकडं तात्याबा नि मामा एकमेकांकडे बघतायत! शेवटी दोघांनीच तिथी ठरवली, सुपारी फोडली, आणि मामा बांधावर सांगायला गेले, अरे, लग्न ठरलं तुमचं! तर दोघं मातीत बसलेले, मान वर नाही, उपटलेली तूर मामांच्या हातात देऊन भाचा म्हणतो, "मामा, जरा धरा."

धरली हो... करतात काय!