रफीकभाईचा पलंग अन् रोजची सांबारवडी

…नाई, मी काय म्हणतो, माणसानं सांबारवडी खावी तरी किती? काई लिमिट असते का नाई? सोमवारी सांबारवडी, मंगळवारी सांबारवडी, बुधवारी म्हटलं आज सुटलो, तर भिंतीपलीकडून आवाज, "श्रावणभाऊ, जरा डबा घ्या!" डबा उघडला की आत कोण? तेच! अरे बाप्पा, मी साधा चहाच्या टपरीवाला माणूस, माह्या पोटात सांबाराचं वावर उगवलं! सांबार म्हणजे आपली कोथिंबीर हो, इडलीसोबतचं समजू नका. अन् तुम्हाले सांगतो, ह्या सगळ्याच्या मागं कोण होतं? ढेकूण! हसू नका! तुम्ही म्हणान श्रावणभाऊले ऊन लागलं, सांबारवडीचा अन् ढेकणाचा काय संबंध? तेच तर सांगून राह्यलो, ऐका तर खरं.

आमचा रफीकभाई म्हणजे भद्रावतीतला एक नंबर कूलर मिस्त्री. त्यानं बसवलेल्या कूलरसमोर जरा वेळ बसा, भर मे महिन्यात गोधडी मागान. माह्या घराले लागून त्याचं घर, मधात भिंत एकच, म्हणून मले सगळं माहीत, मुद्दाम कान लावत नाई मी! तर ह्या माणसानं लग्नात बायकोले कबूल केलं होतं, खैरुन, तुले सागवानाच्या पलंगावर झोपवीन. आता पाहा, जिल्हा आपला सागवानाचा, जंगलात पाहावं तिकडं सागवान, अन् भाभी झोपते कशावर? सतरंजीवर! कधी पोरीची शाळा, कधी तिचं लग्न, कधी घराचे पत्रे, पलंग आपला मागंच राह्यला. तिकडं भाभीचे गुडघे गेले. खाली बसली की उठाले भिंत पायजे, अन् भिंत दूर असली तर रफीकभाई पायजे. डॉक्टरनं सांगतलं, खाली झोपणं बंद. त्या दिवशी रफीकभाई माह्या टपरीवर आला, चहा समोर ठेवला तर पेलाच नाई. म्हणे, "भाऊ, मी लोकाईचे घरं थंड करत फिरलो, अन् घरच्या बाईले खाली झोपवलं." डोळ्यात पाणी होतं हो त्याच्या.

अन् नेमकं थंडीच्या दिवसांत कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली निघाली. बदली निघाली की सामान विकून जाणं, ही तर आपल्या इथली रीतच. साहेबाची बाई दारात उभी, "भैया, एकदम मजबूत हाय, आमच्या मम्मीनं दिला होता." सागवानी, डोक्याकडं मोराची नक्षी, खाली पेटी, चार माणसं उचलाले अन् दोन बाजूले व्हा म्हणाले! मालवाहू ऑटोतून पलंग गल्लीत आला, तर बाया पाहाले जमल्या, जशी नवरी आली. अन् रफीकभाई? छाती पुढं, मिशीत हसू. भाभी पलंगावर बसली, पाय खाली सोडले, अन् भिंत नाई, नवरा नाई, कोणाचा हात न धरता उठून उभी राह्यली! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या, काऊन खोटं बोलू.

अन् मग? मग रफीकभाई खाजवाले लागला. हातावर, मानेवर, कमरेवर लाल गाठी, अन् त्या बी कशा, एका ओळीत, शिंप्यानं टाके घातल्यासारख्या! भाभी म्हणे, "मले तर काईच नाई चावत. तुमचंच अंग गरम झालं असन, ताक प्या." पेलं बिचाऱ्यानं ताक. दुसऱ्या दिवशी ताकासोबत गाठी. शेवटी भाभी बजारात गेल्ती तवा त्यानं गादी उचलली, बॅटरी मारली, अन् मोराच्या नक्षीत पाहते तर काय… अख्ख्या मसुरीसारखे, चपटे, तपकिरी, आरामात बसून! पूर्ण खानदान! आजोबापासून पाळण्यातल्या नातवापर्यंत!

आता दुसरा माणूस असता तर ओरडला असता. रफीकभाईनं गादी जशीच्या तशी परत टाकली. काऊन? कारण खैरुनभाभी! ती बाई सफाईची अशी, की झाडू खाली ठेवला तर झाडूलेच करमत नाई. तिनं एक ढेकूण पाह्यला की संध्याकाळपर्यंत पलंग भंगारवाल्याच्या ठेल्यावर, अन् गुडघे परत सतरंजीवर. म्हणजे ढेकूण मेले पायजेत, पण भाभीले कळलं नाई पायजे. सांगा आता! कूलर दुरुस्त करणं सोपं, हा झांगडगुत्ता कोण सोडवन?

मग सुरू झालं. भाभी बाहेर गेली की हा तिची गोधडीची सुई घेते, सांध्यासांध्यातून एकेक ढेकूण टोचून काढते अन् चिरडते. पण ढेकूण चिरडला की वास येते ना! कशाचा? सांबाराचा! मी स्वतः नाकानं घेतला, हुबेहूब! भाभी घरात आली, नाक वर केलं, "सांबार आणला काय?" आता काय बोलन हा? "हो हो, आणला! म्हणजे… आणून राह्यलो!" अन् चप्पल उलटी घालून बजाराकडं. आणली मोठी जुडी. भाभीनं केली सांबारवडी. दुसऱ्या दिवशी परत सुई, परत वास, परत जुडी, परत वडी. आता दोघं माणसं किती खातीन? "श्रावणभाऊ, जरा डबा घ्या!" आलं ध्यानात? ढेकूण मरे त्याच्या घरी, अन् भोगत होतो मी!

बरं, इतकं करून संपले काय? छे! हा दिवसभर सुई घेऊन घामाघूम, अन् तिकडं मादी एकेक करून अंडी ठेवून राह्यली, शांत, फटीत चिकटवून. ढेकणाले काय घाई हाय?

मी माह्या पोरीले फोन लावला. साक्षी माही चंद्रपूरच्या कॉलेजात किडेच शिकते, आम्ही तिले डॉक्टर कराले निघालो होतो, असो. म्हटलं, बाई, इतक्या साफ घरात ढेकूण काऊन? म्हणे, "बाबा, ढेकणाले घाण नाई लागत, रक्त लागते. आपण झोपेत श्वास सोडतो ना, त्या श्वासाच्या मागावर येते." मी म्हटलं, मग रफीकभाईनं श्वास घेवाचा नाई काय? म्हणे, "घेवू द्या, सोडू नका म्हणा!" असे हे आजकालचे पोरं! पण मग नीट सांगतलं तिनं. म्हणे पिल्लू पाच वेळा कात टाकते, अन् दर वेळी त्याले पोटभर रक्त पायजे. चावताना कळत नाई, गाठी मागाहून उठतात. अन् कोणाच्या अंगावर उठतात, कोणाच्या नाई, ज्याची त्याची कातडी. म्हणजे आलं ध्यानात? भाभीले बी चावत होते! बरोबरीनं चावत होते! फक्त तिले पावती भेटत नव्हती!

हे रफीकभाईले सांगतलं, अन् पाप केलं. तोंड इतकंसं झालं त्याचं. आतापर्यंत वाटे, चावते तर मले चावते, चावू दे. आता म्हणे, "भाऊ, मीच तिले त्यात झोपवलं." मग काय, पेटला माणूस! रॉकेल ओतलं, कडुनिंबाचा पाला कोंबला, कापूर ठेवला. ढेकूण सरकले पायाकडून मोराकडं. जिवतीच्या पहाडातला कोलू येते ना माह्या टपरीवर, मोहाचा मध विकाले, तो म्हणे, "आमच्याकडं खाट आंगणात आपटते. ढेकूण पडते, कोंबड्या टिपते. झालं!" रफीकभाई म्हणे, "अरे बाबा, माह्या पलंगाले सहा माणसं लागतात, आपटू कोणाच्या डोक्यावर?" मग नाजियाचं लग्न निघालं, भाभीच्या भाचीचं, चामोर्शीले. घर बंद. हा खूश! म्हणे, "उपाशी मरतीन!" परत आला तर सगळे हजर, उलट जोरात भूक लागलेली! साक्षी म्हणे, बाबा, तो रक्ताशिवाय महिनोन्महिने काढते. चपटा होते, फटीत पडून राह्यते, वाट पाह्यते. ढेकणाले काय घाई हाय?

असं करत करत आला मे महिना. आता तुम्हाले आपलं ऊन सांगावं लागते काय? डांबर पातळ होते, कावळे बोलत नाई, माणूस दाराबाहेर पाय टाकत नाई. अख्खी भद्रावती भाजून राह्यली, अन् रफीकभाईच्या घरात? थंडगार! त्यानं भाभीसाठी स्वतःच्या हातानं केलेला कूलर, ताजी खस, मोटर अशी की आवाज नाई. अन् त्या गारव्यात ढेकणाईची काय मजा हो! हिल स्टेशन झालं त्याह्यले! मिस्त्री त्याह्यचाच!

पण उन्हाळ्यात एक घात झाला. बजारातून सांबार गायब! इकडं ढेकूण चिरडला, वास घरभर, भाभी म्हणे, "सांबार आणला?" हा सवयीनं म्हणे, "हो." भाभी म्हणे, "दाखवा." हा धावला बजारात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांबाराची काडी नाई! परत आला, दारात उभा, लाल तोंड, हात रिकामे. मी इकडं भिंतीपाशी, म्हणजे माठातलं पाणी घेत होतो हो! भाभीचा आवाज आला. घरी ते हिंदी बोलतात, मी आपल्यात सांगतो.

"उन्हात काऊन धावले? बसा. जन्मभर सांबार निवडला मी, मले सांबार अन् ढेकूण समजत नाई काय?"

"तुले… माहीत होतं?"

"चादर कोण धुते? ते रक्ताचे ठिपके कोण पाह्यते? उकळत्या पाण्यात धुऊन राह्यली मी, तुम्ही कामाले गेले की."

"मग बोलली काऊन नाई?"

भाभी म्हणे, "बोलली असती तर तुम्ही पलंग त्याच दिवशी फेकला असता. अन् पलंग आला त्या दिवशीचं तुमचं तोंड पाह्यलं होतं मी. निकाहात बी इतकं खुललं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, दोन थेंब रक्त गेलं तर गेलं."

आता तुम्हाले खरं सांगतो, माह्या हातातला पाण्याचा गिलास तसाच राह्यला. म्हटलं, अरे, हे काय चाललं? हा तिच्यासाठी चिरडून राह्यला, ती ह्याच्यासाठी धुऊन राह्यली, अन् मधात ढेकूण मजेत लहानाचे मोठे होऊन राह्यले!

साक्षी म्हणालीच होती, ढेकूण उपासानं मरत नाई, पण कडक तापला की मरते. मग काय, ऊन तर आपल्या घरचं! नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लोकं देवाले म्हणतात आता बस, अन् रफीकभाई म्हणे अजून येऊ दे! पलंगाचे सांधे सोडले, पाट्या रस्त्यावर, मोर पत्र्यावर, गादी काळ्या प्लास्टिकात गुंडाळून छतावर. घराची दारं-खिडक्या बंद, अन् तुम्हाले सांगतो, भद्रावतीच्या एक नंबर मिस्त्रीनं भर नवतप्यात स्वतःच्या हातानं घरचा कूलर बंद केला! दोघं बसली माह्या ओसरीत, पंख्याखाली. येणारा-जाणारा विचारे, "काऊन रफीकभाई, पलंग बाहेर?" हा म्हणे, "पॉलिश." दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून पलंग निघाला. "काऊन?" "पॉलिश." मग कोपऱ्यावरचा दिवाण. मग दोन खाटा. मग कोणाचा सोफा! आठवड्यात अख्खी गल्ली पॉलिशले! कोण कोणाकडून घेऊन आलं, कोणी विचारलं नाई, कोणी सांगतलं नाई. मी? मी बी काढली आमची खाट… पॉलिशलेच हो!

अन् ढेकूण संपले! खरंच संपले. महिना होऊन गेला, चादरीवर ठिपका नाई, भाभी सकाळी टुणकन उठते, गुडघे खूश. मी म्हटलं, चला, सुटलो. पण रफीकभाई? त्याच्या अंगातला ढेकूण जाईना! पलंगावर पडला की इथी खाजवते, तिथी खाजवते, उठून बॅटरी मारते, काईच नाई, परत खाजवते. शेवटी उशी उचलली अन् सतरंजी टाकून खाली झोपला. म्हणे, "तू झोप आरामात, मले इथीच बरं वाटते."

तवा वरून भाभी काय म्हणाली माहीत हाय? माठातलं पाणी घेता घेता ऐकलं मी. म्हणाली, "तुमच्यापेक्षा ढेकूण बरे होते. उपाशी राह्यले, पण मले सोडून पलंगावरून उतरले नाई."

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर कोणता नवरा खाली झोपन? चढला बिचारा वर. आता रोज खाजवते… पण वरच खाजवते.