सोपं इंग्रजी राहूनच गेलं

मी मूळची यवतमाळकडची. शाळा मराठी, दहावीपर्यंत. यांची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून लग्न होऊन कर्वेनगरात आले. सुरुवातीला माझ्या बोलण्याला इथल्या बायका हसायच्या. मी सहज म्हणायचे, स्वयंपाक करून राहिले, तर समोरच्या काकू म्हणायच्या, अहो, करून राहिलात ना, मग आता निवांत बसा. ते बोलणं मी वर्षभरात सोडलं. मला सोडायला जमतं, शिकायलाही जमतं, पद्धत लागते फक्त.

मुलगा एकच, अभिजित. तो इंजिनिअरिंगला होता तेव्हा हिंजवडीत नुकत्याच कंपन्या येऊ लागल्या होत्या, पण आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक मुलाला अमेरिकाच हवी, आणि तिकडे जायच्या परीक्षेला इंग्रजी शब्द लागायचे, तेही कसले, काय सांगू तुम्हाला, इंग्रजसुद्धा बोलत नसतील असे. याची पाठांतराची बोंब. मग मी म्हटलं, थांब, किराणा लावते तसे शब्द लावू. रागाचे एकीकडे, रडण्याचे एकीकडे, कंजूष माणसाचे एकीकडे. चिठ्ठ्या करून डब्यांवर चिकटवल्या, डाळींच्या डब्यांवर राग, पिठांच्या डब्यांवर रडणं. मी पोळ्या लाटता लाटता मराठीत अर्थ सांगायचे, त्यानं इंग्रजी शब्द सांगायचा, चुकला की पोळी थांबायची. हे म्हणायचे, पोराला उपाशी ठेवून साहेब करणार आहेस का. पण त्या वर्षी आमचं स्वयंपाकघर जेवढं बोललं, तेवढं परत कधी बोललं नाही.

तो गेला तिकडे. पुढे हेही गेले, हृदयाचं दुखणं होतं. घरात मी एकटी. चिठ्ठ्या काही मी काढल्या नाहीत, उलट त्याच्या परीक्षेच्या पुस्तकातले उरलेले शब्दही पाठ केले, पोळ्यांच्याच वेळेला, आता पोळ्या दोनच, तरी. मनाशी धरलं होतं, नातवंडं होतील, त्यांच्याशी बोलायला उपयोगी पडतील.

नात झाली, अनया. सून कानडी, त्यामुळे त्यांच्या घरात सगळं इंग्रजी. अनया लहान होती, एकदा व्हिडिओवर दिसली ती रडतच, तिचा पाळलेला मासा मेला होता. मला बरोबर शब्द आठवला. म्हटलं, अनया, व्हाय आर यू सो लॅक्रिमोज? तर ती रडायची थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आईकडे गेली. अभिजित हसायला लागला. म्हणाला, आई, रडकीला हा शब्द मी परीक्षेनंतर आज ऐकतोय, जरा सोपं बोल ना तिच्याशी. आता सोपं कुठून आणू? मासा गेला, वाईट झालं गं, ये, इथे बस माझ्याजवळ, हे इंग्रजीत कसं म्हणतात ते कुठल्या डब्यावर नव्हतंच. परीक्षेत ते विचारत नव्हते ना.

मग चौकातल्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासला गेले. तिथल्या सरांनी चाचणी घेतली, शब्दांचे अर्थ लिहा, आणि मला सगळ्यात वरच्या वर्गात घातलं. मी म्हटलं, अहो सर, मला खालचा द्या. म्हणाले, आजी, तिथे कंटाळाल तुम्ही. म्हटलं, कंटाळ्याची सवय आहे मला, खालचाच द्या. तिथे शिकले, पण त्यात वेळ गेला, माझं तोंड लवकर उघडेना.

आता येतं मला. जेवलीस का, शाळेत काय झालं, थंडी आहे का तिकडे, दर रविवारी विचारते, ओळीनं सगळं विचारते, एकही चूक होत नाही. पण अनया आता मोठी झाली. गुड, फाइन, नथिंग, बाय आजी, झालं. अभिजित म्हणतो, या वयात सगळी पोरं अशीच असतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. असतील. मी काही लावून घेत नाही. माशाच्या दिवशी तिला बोलायचं होतं, तेव्हा मला येत नव्हतं, एवढंच झालं.

तिकडून फोन बंद होतो, मग मी म्हणते, सुखात राहा गं बाई. मराठीतच म्हणते. तेव्हा तिथे ऐकायला कुणी नसतं, त्यामुळे कुणी अर्थ विचारत नाही.