दोन तिकिटं जैसलमेरची

(भिलाई, सेक्टर सहा, प्लांटचं जुनं क्वार्टर. डिसेंबरातली दुपार, चार वाजलेले. भैयालाल सकाळची ए शिफ्ट करून आले आहेत. जावई गुड्डू कुरुदहून आला आहे आणि त्याच्या मोबाईलवर राजस्थानचा नकाशा उघडा आहे. मुलगी टीना दोन महिन्यांपासून माहेरी आहे, आत्ता आतल्या खोलीत.)

गुड्डू: मंग जैसलमेरहून जीप. थोडं पुढं गेलं का पार्क सुरू. हे पाहा बाबूजी, हा सगळा पिवळा पट्टा म्हणजे डेझर्ट नॅशनल पार्क. गावं कमी, झाडं त्याहून कमी. एकदम शांती.

भैयालाल: अन् राहायचं कुठं, जावईबापू?

गुड्डू: आतच झोपड्या हायत ना. गोल, गवताच्या छपराच्या. दोन रात्री तिथंच. मोबाईलचं नेटवर्क नाही, टीव्ही नाही, कोनी डिस्टर्ब करनारं नाही. फकत ती अन् मी.

भैयालाल: थंडी भल्ली राहते म्हणतात वाळूत. स्वेटर घ्यायले सांगतो तिले. पोरगी लहानपनापासून त्या पक्ष्याच्या मागं हाय. माळढोक. चौथीत चित्र काढलं होतं, अजून पेटीत अशीन तिच्या.

गुड्डू: तेच तं. तिकडे त्याले गोडावण म्हणतात. तिच्यासाठीच हे ठिकाण धरलं मी, नाही तं मी गोव्याचा मानूस. तिच्या हाताचं प्लास्टर निघालं ना, त्याची पार्टी समजा.

भैयालाल: बरं केलं. मीबी परवा तुमच्या बाबाले शब्द देला. इतवारी पोरगी तुमच्यासंग जाईन, अन् फिरून आली का सीधी कुरुदले उतरन. चार मानसाइत देलेला शब्द हाय.

गुड्डू: मानलं तुमाले, बाबूजी. अन् हा पत्र्याचा बिल्ला कायले लटकवून ठेवला चाब्याइसंग? काही लिहिलं हाय. दयाराम.

भैयालाल: ठेवा ते. जुनं हाय. ठेवा म्हटलं ना.

गुड्डू: ठेवलं, ठेवलं. टीनाले आवाज द्या. आधार कार्ड पायजे, पार्काच्या एंट्रीले लागते.

भैयालाल: टीना. आधार कार्ड घेऊन ये वं बाई.

टीना: कायले?

भैयालाल: ये तं खरं. बस इथं, चहा घे. हे पाह्य, तुह्या पक्ष्याचं गाव. तिकिटं झाले. इतवारी दुर्गहून जयपूरची गाडी, तिथून पुढं जैसलमेर.

टीना: कोनाचे तिकिटं?

गुड्डू: तुझं अन् माझं, यार. दोन्ही लोअर बर्थ. मेहनतीनं भेटले.

टीना: मले कोनी इचारलं?

भैयालाल: तू हो म्हटलं ना फोनवर.

टीना: कोनाले?

भैयालाल: जावईबापू म्हणे, सोमवारी बोलनं झालं, टीना तयार हाय.

टीना: सोमवारी यायचा, तुमच्या जावयाचा, फोन आला. मी कानाले लावला, एक शब्द बोलली नाही, अन् ठेवून देला. तुमी बाजूच्या खोलीत होते, बाबा. दहा पावलं चालून मले इचारता आलं असतं.

गुड्डू: चुप राहिली म्हणजे हो. आपल्यात बायका चुप राहूनच हो म्हणतात. बराबर ना, बाबूजी?

टीना: जीप कोन चालवनार?

गुड्डू: मी. ड्रायव्हर कायले पायजे? रस्ता सीधा हाय.

टीना: मंग मले उतरवनार कुठं? ह्या पिवळ्या पट्ट्यात कोनती जागा धरली? बोट ठेवून दाखवा.

भैयालाल: उतरवनार म्हणजे?

गुड्डू: मजाक करून राहिली.

टीना: बाबा, मागच्या साली आमी अमरकंटकले गेलो होतो. अचानकमारच्या जंगलातून. मी म्हटलं गाडी हळू चालवा. एवढंच म्हटलं. यायनं गाडी थांबवली, मले खाली उतरवलं. चप्पल गाडीतच राहू देली. मंग गाडी माह्या मागून लावली अन् बंपर पोटऱ्याइले टेकवून मले पुढं चालवत नेलं. थांबली का धक्का. पडली का हॉर्न. उठेपर्यंत हॉर्न.

गुड्डू: असं सांगते जसं काही कोसभर नेलं. थोडंसं अंतर होतं.

टीना: दोन मैलाचे दगड गेले मधात. मी दोन्ही वाचले.

भैयालाल: तू मले कावून नाही सांगितलं?

टीना: सांगितलं. पोटऱ्याबी दाखवल्या, काळ्यानिळ्या झालेल्या. तुमी म्हणले, नवरा-बायकोत होते असं, तुह्या मायले सांगू नको, तिचं बीपी वाढन. माय गेली, तिले मी सांगितलंच नाही. मले यायच्यापेक्षा तुमचा राग जास्त येते, बाबा. खरं सांगून राहिली.

भैयालाल: मले वाटलं पाय घसरला अशीन, रागात वाढवून सांगून राहिली. मी नीट ऐकलं नाही.

गुड्डू: जुनं उकरून काय फायदा, बाबूजी? गुस्सा येते मले, मी मानतो. कोनाले येत नाही? अन् हिची जबानबी कैचीसारखी चालते, ते तुमाले माहीत नाही. टीना, इकडे पाह्य. नकाशाकडे नको, माह्याकडे पाह्य. आपन इतवारी जाऊन राहिलो. समजलं काय?

टीना: मी चहा पिऊन राहिली.

गुड्डू: समजलं काय म्हटलं.

भैयालाल: चहा कावून सांडून राहिला? टीना, काय झालं?

टीना: काही नाही.

भैयालाल: टेबलाखाली काय चाललं? जावईबापू, हात वर घ्या.

गुड्डू: बायकोचा हात धरला. गुन्हा हाय काय?

भैयालाल: तोच हात हाय. आठ दिवस नाही झाले प्लास्टर निघून. सोडा.

गुड्डू: प्यारनं धरला, बाबूजी.

टीना: बाबा, तो हात चुकून नव्हता सापडला दारात. दवाखान्यात तुमी तसं लिहून देलं, मी पाहत राहिली. मी मोबाईल देत नव्हती. यायनं माहा हात दाराच्या चौकटीत दाबून धरला अन् दुसऱ्या हातानं दार ओढलं. तीनदा. तिसऱ्या वेळी हाडाचा आवाज आला, तवा सोडलं.

भैयालाल: सोड. सोड म्हणतो ना तिचा हात.

गुड्डू: आवाज खाली ठेवा. तुमच्या घरात बसलो म्हणून ऐकून राहिलो, नाही तं... अरे. अरे, पागल झाले काय? दात पाडला. म्हाताऱ्यानं दात पाडला माहा.

भैयालाल: उठ. खुर्ची राहू दे, तू उठ. टीना, मागं सरक. हा माह्या ड्युटीच्या थैलीतला पाईपपाना पाहिला काय? चोवीस इंची हाय. गंजून जाम झालेले नट खोलले मी यानं. चल. दाराजवळ चल.

गुड्डू: तोंडातून खून निघून राहिला, बाबूजी. मी पोलिसात जाईन.

भैयालाल: जाजो. आधी हात ठेव चौकटीत. उजवा. पंजा उघडा ठेव. मूठ कावून वळतो? तिले वळू देली होती काय तू?

गुड्डू: टीना, सांग ना तुह्या बापाले. टीना, बोल ना काही.

भैयालाल: तिले कायले हाका मारतो? बोटं लांब कर. नाही करत? मंग हे घे.

गुड्डू: आई गं. गुडघा. गुडघा फुटला माहा. बाबूजी, पाया पडतो. ठेवला. हा पाहा, ठेवला हात. नका, बाबूजी, नका.

भैयालाल: तीनदा ओढीन. आवाज आला का सोडीन, तू सोडलं तसं.

टीना: बाबा.

भैयालाल: तू आत जा. कान झाकून घे.

टीना: मी आत नाही जानार. आताबी तुमी मले इचारलं नाही.

भैयालाल: काय इचारायचं यात? तुहा हात मोडला यानं.

टीना: म्हणूनच इचारायचं. हात माहा हाय. लग्न जमवलं तवा नाही इचारलं. दवाखान्यात लिहून देलं तवा नाही. तिकिटं काढले तवा नाही. अन् आता याचा हात तोडून राहिले, तं तेबी मले न इचारता. उद्या तुमी जेलात जान, मंग मी कोनाच्या घरी? सगळं माह्या नावानं करता, अन् त्यात मी कुठंच नाही.

गुड्डू: हो, बाबूजी, ऐका तिचं.

टीना: तुमी चुप राहा. मी तुमच्यासाठी नाही बोलून राहिली.

भैयालाल: माहा हात ऐकून नाही राहिला, टीना. दार सुटून नाही राहिलं.

टीना: तो चाब्याइतला बिल्ला कोनाचा हाय, ते मायनं मले सांगितलं होतं. तुमी कधी नाही सांगितलं. आता सांगा.

भैयालाल: आता?

टीना: आताच. दार धरूनच सांगा.

भैयालाल: प्लांटमधी लागायच्या आधी मी एका खासगी मिलमधी होतो. आता ते मिलबी नाही राहिलं. तिथं प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला राहे, त्याच्या नावाचा. मशीनमधी उतरायच्या आधी आपला बिल्ला स्विचजवळच्या खिळ्यावर लटकवायचा. बाहेर आला का ज्याचा त्यानंच काढायचा. बिल्ला लटकून हाय तवर मशीन चालू नाही करायचं, अन् दुसऱ्यानं त्याले हात लावायचा नाही, मालक आला तरी. त्या दिवशी एकच बिल्ला लटकून होता. मुनशी म्हणे, दयाराम कवाचाच बाहेर आला, बिल्ला काढायचा इसरला, चहाच्या ठेल्यावर पाहिलं मी त्याले. मी मानलं. बिल्ला काढला अन् बेल्ट चालू केला.

टीना: अन्?

भैयालाल: तो आत होता. बेल्टनं आधी बाही ओढली, मंग हात, मंग खांदा. स्विच बंद केल्यावर बेल्ट लगेच थांबत नाही, बाई. मी बंद करून उभा होतो, अन् ते चालूनच राहिलं. त्याचं ओरडनं बंद झाल्यावरबी चालून राहिलं. दोन मिनिट थांबलो असतो, एक हाक मारली असती, तं तो आतून ओ देता.

टीना: तुमी मुनशीले इचारलं. दयारामले नाही.

भैयालाल: हो.

टीना: अन् इतवारचं तुमी यायले इचारलं, मले नाही.

भैयालाल: हो. तेच केलं मी. इतक्या वर्षानं पुन्हा तेच केलं.

गुड्डू: बाबूजी, माहा हात...

भैयालाल: काढ. हात काढ अन् निघ.

गुड्डू: हे महागात पडन तुमाले. कुरुदहून चार गाड्या भरून मानसं आनतो का नाही, पाहा. अन् तू, टीना, तुले तं मी...

टीना: आना. माह्या हाडाचा एक्स-रे माह्याजवळ हाय. उद्या मी दवाखान्यात नवा जबाब लिहून देनार, अन् दुर्गच्या कोर्टातबी तोच देईन. बाबा, तुमी सही करान काय? इचारून राहिली मी.

भैयालाल: करीन. आधी खोटं लिहून देलं होतं, तेबी लिहीन. दयारामच्या टायमाले मी काहीच नव्हतं लिहून देलं. मुनशीनं सांगितलं एवढंच सांगून सुटलो.

टीना: हा घ्या तुमचा मोबाईल. नकाशा अजून चालूच हाय. पायऱ्या सांभाळून उतरा, गुडघा वाकत नाही तुमचा.

गुड्डू: पाहून घेईन. दोघाइलेबी पाहून घेईन.

भैयालाल: गेला काय?

टीना: गेला. स्कूटर ढकलत नेऊन राहिला. किक मारता येत नाही त्याले.

भैयालाल: हा पाना काढ माह्या हातातून. बोटं उघडून नाही राहिले.

टीना: थांबा. एक-एक काढू द्या. उजव्यात अजून जोर नाही, अन् डाव्या हातानं मले जमत नाही बराबर. हं. निघाला.

भैयालाल: तिकिटं उद्याच्या उद्या रद्द करायले लावतो.

टीना: पुन्हा.

भैयालाल: हो. चुकलं. इचारतो. तुले जायचं हाय काय, टीना?

टीना: जायचं हाय. तो पक्षी मी लग्नाच्या आधीपासून मनात धरला. यायनं नकाशात दाखवला म्हणून तो यायच्या मालकीचा नाही झाला. पन ह्या इतवारी नाही. माह्या हातात बॅग उचलायची ताकद येऊ द्या. अन् जीप ड्रायव्हर चालवन.

भैयालाल: मी येऊ काय संग? म्हणजे, तुले पायजे असन तं.

टीना: माहीत नाही, बाबा. मघाशी दार धरून उभे होते तवा तुमी यायच्यासारखेच दिसून राहिले होते. मले तुमचं भेव वाटलं.

भैयालाल: मलेबी वाटलं.

टीना: तो बिल्ला चाब्याइतून काढून मले द्या. माह्या खोलीच्या कडीवर लटकवीन. तुमी संग यायचं का नाही, ते उद्या सांगीन, नाही तं परवा. मी बिल्ला काढेपर्यंत दार वाजवू नका, अन् कोनाले शब्दबी देऊ नका.

भैयालाल: बरं. मी थांबतो.