हॉटेलापुरतं जपानी

(स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघी बसल्या आहेत : आई, तिची सहा वर्षांची भिंगरी आणि भिंगरीची आत्या. जपानला जायचं म्हणून काड्यांऐवजी विणायच्या सुयांनी बशीतले वाटाणे उचलायचा सराव चालला आहे. विणायची एक सुई फरशीवर पडते, टण्‌कन.)

आत्या : पडली. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसतेस ना गं? तिथे बरा हात हलत नाही.

आई : तिथे एकच सुई असते, ताई. आणि वाटाणा उचलायचा नसतो, रक्त काढायचं असतं.

भिंगरी : आत्या, बघ! मी उचलला. दोन सुयांनी. हा बघ, अजून आहे, अजून आहे… गेला.

आत्या : शाब्बास, भिंगरे. पण सुई आईच्या नाकासमोर नाचवायची नाही. तिथे जेवताना त्या काड्या कुणावर रोखायच्या नाहीत, भातात उभ्या रोवायच्या नाहीत, आणि आपल्या काडीतला घास दुसऱ्याच्या काडीत द्यायचा नाही.

भिंगरी : का नाही?

आत्या : मेलेल्या माणसाचं करतात तसं होतं.

भिंगरी : मेलेल्या माणसाला भरवतात?

आई : ताई, अहो!

आत्या : वाईट दिसतं म्हणून नाही द्यायचा. झालं. चला, पुढे. स्टेशन सापडत नाहीये. काय विचारशील?

आई : एकी वा दोको देस का.

आत्या : ओढू नकोस. 'देस', तिथेच सोडून द्यायचं. आणि त्याच्या आधी?

आई : सुमिमासेन.

आत्या : आणि मान नाही डोलवायची, कंबरेतून वाकायचं. मान डोलवलीस की त्यांना वाटतं, बाईला झोप येतेय. छत्री वर धरून अर्धं आयुष्य सहलीची माणसं हाकली मी तिकडे. एकेक नग असायचा. एकाने तर हॉटेलचे स्लीपर घालून सगळं गाव पालथं घातलं, आणि वर मलाच म्हणतो, बाई, इथले लोक फार हसतमुख हो!

भिंगरी : आत्या, बाबा पण स्लीपर घालतो. निळे. मी बघितलेत फोनमध्ये.

आत्या : असतील. आता हॉटेलात पोचलीस. काउंटरवर काय म्हणशील?

आई : काउंटर झालं, ताई. काल झालं, परवा झालं. टॉवेल बदलून द्या झालं, पाणी झालं, लिफ्ट कुठे आहे झालं. आता जरा घरातलं शिकवा की.

आत्या : घरातलं म्हणजे?

आई : म्हणजे शेजारीण भेटली तर काय बोलायचं, दुकानात मीठ कसं मागायचं. हिच्या शाळेत गेले तर बाईंशी काय बोलू?

आत्या : एवढ्याशा मुक्कामात तुला कुठली शेजारीण भेटतेय!

आई : ह्या खेपेला नाही भेटणार. पण ह्या खेपेला मी बघायलाच चाललेय ना? शाळा बघायची, जागा बघायची, आणि जमतंय म्हटलं की इथलं सगळं आवरून दोघींनी जायचं. लॅबमध्ये मी सांगूनसुद्धा ठेवलंय, की नवीन मुलगी बघा.

आत्या : सांगितलंस? इतक्यात कशाला सांगायचं गं?

आई : इतक्यात? दोन वर्षं झाली त्याला जाऊन.

आत्या : आधी बघून तर ये.

आई : तोही हेच म्हणतो. तुम्हा भावंडांचं एक असतं, वाक्यसुद्धा सारखं. बरं, एवढं तरी सांगा. बाहेरून घरात शिरताना काही म्हणतात का? तिकडे सगळ्यालाच काहीतरी म्हणतात, म्हणून विचारलं.

आत्या : घरात शिरताना? नाही, काही विशेष नाही म्हणत.

भिंगरी : म्हणतात! तादाइमा म्हणतात!

आत्या : तू खा गं तुझे वाटाणे.

भिंगरी : खरंच म्हणतात. मग दार म्हणतं, ओकाएरीऽऽ. असं, लांबवून.

आई : हे कुणी शिकवलं तुला?

भिंगरी : कुणी नाही. मी ऐकते ना. सुट्टीच्या दिवशी बाबा माझ्याशी बोलत बोलत चालतो आणि घरी जातो. मग किल्ली वाजते. मग बाबा म्हणतो तादाइमा, आणि दार म्हणतं ओकाएरी. मी विचारलं कोण बोललं, तर तो म्हणाला, तिकडची दारं बोलतात. हो की नाही गं आत्या?

आत्या : हो… बोलतात ना. लिफ्ट बोलते, बस बोलते. तिकडे काय, काहीही बोलतं.

आई : तादाइमा म्हणजे काय, ताई?

आत्या : 'आलो.' घरातलं माणूस बाहेरून आलं की म्हणतं.

आई : आणि ते दुसरं?

आत्या : 'आलास? ये.' असंच काहीतरी.

आई : ते कोण म्हणतं?

आत्या : जे कुणी घरात असेल ते.

भिंगरी : आणि एकदा ना, दाराला सर्दी झाली होती! शिंकलं! मी इतकी हसले, इतकी हसले. बाबाला म्हटलं, त्याला वाफ दे.

आई : मग बाबा काय म्हणाला?

भिंगरी : नंतर करतो म्हणाला फोन. आणि केलाच नाही.

आई : भिंगरी, एक काम करशील बाळा? बाहेरच्या कपाटातले सगळे बूट-चपला काढ. आपले, आत्याचे, सगळ्यांचे. ताई, तिकडे कसे लावून ठेवतात ते सांगा तिला.

आत्या : जोडीने. चिकटवून. बोटं दाराकडे आणि टाचा घराकडे.

आई : पावसाळीसुद्धा काढ. घाई नको करू. छान रांग लाव, मग मला हाक मार.

भिंगरी : बाबाच्या पण लावू? जुन्या?

आई : लाव.

आत्या : धूळ झटक गं आधी! …गेली. अगं, लहान पोर आहे. मुलं काय, काहीही ऐकतात.

आई : काही म्हणत नाहीत, म्हणालात.

आत्या : विसरले.

आई : कुठल्या गावात कुठल्या हॉटेलच्या उशा कडक, ते आठवतं तुम्हाला. हे विसरलात.

आत्या : एकटे राहणारेसुद्धा म्हणतात गं, तादाइमा. रिकाम्या घराला. बरं वाटतं त्यांना. मी बघितलेत असे लोक.

आई : आणि रिकामं घर शिंकतं?

आत्या : वाटाणे बघ किती सांडलेत. गोळा करते आधी.

आई : ताई, माझ्याकडे बघा. मी दिवसभर हेच करते. माणूस बाही वर करतं आणि म्हणतं, मी नाही घाबरत हो. शीर वेगळंच सांगत असते. तुमच्या गळ्याशी बघा काय उडतंय.

आत्या : मला त्याने गेल्या हिवाळ्यात सांगितलं.

आई : सांगितलं.

आत्या : मी काय कमी बोलले का त्याला? आठवडाभर फोन नाही उचलला त्याचा.

आई : आठवडाभर! बापरे. पार मोडून पडला असेल.

आत्या : टोमणे मार, मी ऐकून घेईन. पण माझी बाजू काय होती ते तरी…

आई : तुमची बाजू दिसतेय की मला. ती बोटांवर मोजून शिकवत होतात तुम्ही. टॉवेल, लिफ्ट, स्टेशन. त्यानेच सांगितलं होतं ना, काय काय शिकवायचं ते?

आत्या : तो म्हणाला, ती येणार म्हणजे येणारच, ऐकत नाही. तर निदान हॉटेलात राहू दे, फिरू दे, फोटो काढू दे. पोरीला मासे दाखवू, बागा दाखवू. मग परत गेल्यावर सवडीने सांगतो.

आई : सवडीने.

आत्या : त्याचे शब्द आहेत, माझे नाहीत.

आई : आणि कंपनीची खोली? तिथे बायकामुलांना परवानगी नाही, म्हणून तर हॉटेल.

आत्या : ती खोली त्याने कधीच सोडली.

आई : वा. आणि मी लॅबमध्ये सांगत होते, माझी नणंद बघा, गुडघे दुखतात तरी रोज दोन जिने चढून मला शिकवायला येते. मोठी बहीण करणार नाही एवढं करते. किती मिरवलं मी तुम्हाला! आणि तुम्ही मला हॉटेलापुरतं मापून देत होतात. पेशंटला पाणी मोजून देतात तसं.

आत्या : भाऊ आहे गं तो माझा. आई गेली तेव्हा एवढासा होता. माझ्या हातचं खाऊन वाढलाय.

आई : आणि मी कोण? तुमच्या सहलीतली बाई? छत्रीच्या मागून चाला, इकडे बघा, तिकडे बघू नका, चला बसमध्ये?

आत्या : तिकिटं रद्द कर. मी बोलते त्याच्याशी. त्यालाच इकडे बोलावून घेऊ, समोरासमोर बसवू.

आई : नाही.

आत्या : तिकडे जाऊन तमाशा करणारेस?

आई : कशाने करू? भांडायला भाषा लागते, ताई. मला 'माफ करा' येतं आणि 'धन्यवाद' येतं. एवढ्यावर कुणी भांडलंय कधी?

आत्या : मग कशाला जातेस?

आई : त्याने माझ्या पोरीला दाराशी बोलायला लावलंय. ते दार मला बघायचंय. त्या दारामागच्या बाईला माहीत आहे का, मी आहे म्हणून?

आत्या : भिंगरीचं माहीत आहे.

आई : माझं विचारलं मी.

आत्या : त्याने काय सांगितलंय, मला खरंच माहीत नाही. मी एकदाच बोलले तिच्याशी, फोनवर. फार अदबीने बोलली.

आई : बोलणारच. तिला कुठे कुणी काउंटरवर उभं केलंय? बरं, आता शिकवा.

आत्या : काय शिकवू?

आई : दुसऱ्या बाईच्या घरी गेल्यावर काय काय करतात ते. पहिल्यापासून, आणि काही गाळू नका.

आत्या : अगं बाई, असं नको करूस. पाणी पी थोडं.

आई : उठा. त्या दाराच्या आत उभ्या राहा. तुम्ही ती, मी मी.

आत्या : वेड लागलंय का तुला?

आई : जमेल तुम्हाला. तिच्या बाजूला उभ्या आहातच हिवाळ्यापासून. घंटी वाजवली मी, तुम्ही दार उघडलंत. आता?

आत्या : आधी वाकायचं.

आई : किती?

आत्या : जरा जास्त. पाठ सरळ. हात मांडीवर. नजर खाली.

आई : नजर मी खाली घालू?

आत्या : दोघीही घालतात.

आई : आणि वर कधी यायचं?

आत्या : समोरची आली की.

आई : ती आलीच नाही तर?

आत्या : मग थांबायचं. …डोळे पूस आधी. माझ्याच्याने नाही बघवत.

आई : बघवत नसेल तर खाली बघा. तसंच आहे ना त्यांच्यात? पुढे.

आत्या : बूट काढायचे, समोर तोंड करून. तिच्याकडे पाठ करायची नाही. आतली पायरी चढायची, मग वळून खाली बसायचं आणि आपले बूट दाराकडे फिरवून ठेवायचे.

आई : म्हणजे आल्या आल्या जायची तयारी.

आत्या : रीत आहे गं.

आई : चांगली रीत आहे. मोकळ्या हाताने नसतील ना जात?

आत्या : नाही. काहीतरी न्यायचं, बांधून. पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्यायचं आणि म्हणायचं, त्सुमारानाइ मोनो देस गा.

आई : म्हणजे?

आत्या : 'अगदीच क्षुल्लक वस्तू आहे, पण…'

आई : अख्खा नवरा दिला, अजून काय नेऊ? का त्याच्याविषयीच म्हणू हे?

आत्या : हसू नकोस अशी. भीती वाटते मला.

आई : मी कुठे हसतेय? आणि आत पाऊल टाकताना? तेव्हा तर नक्की काहीतरी म्हणत असतील. ह्या वेळी विसरू नका.

आत्या : ओजामा शिमास.

आई : अर्थ?

आत्या : अर्थ राहू दे.

आई : ताई.

आत्या : 'तुमच्या घरात अडचण करतेय मी.' पाहुणे म्हणतात सगळेच. त्यात मनाला लावून घ्यायचं काही नसतं.

आई : नाही, नेमकं आहे. ह्याहून नेमकं मला मराठीतसुद्धा सुचलं नसतं. ओजामा शिमास. बरोबर आलं?

आत्या : शेवटी ओढू नकोस.

आई : ओजामा शिमास.

आत्या : हं.

आई : ओजामा शिमास. ओजामा…

भिंगरी : आईऽ, लागली रांग! पावसाळी पण लावले. आई? तू दारात वाकून काय करतेस?

आत्या : शिकतेय ती, भिंगरे. आई नवीन शिकतेय.

भिंगरी : मी पण! मला पण! काय म्हणायचं?

आत्या : उद्या शिकवते तुला. चल, रांग दाखव मला.

भिंगरी : नाही, आत्ता. आई, तू सांग ना.

आई : ओजामा शिमास.

भिंगरी : ओजामा शिमास! आलं मला! हे कधी म्हणायचं असतं?

आत्या : पाहुणे म्हणतात गं ते. कुणाच्या घरी पाहुणे गेले की.

भिंगरी : आपण कुणाकडे जाणार आहोत पाहुणे?

आई : कुणाकडेच नाही. बाबाच्या दारात म्हणायचं, आत जाताना.

भिंगरी : आई, पण बाबाच्या घरी आपण पाहुणे कशाला?